सेल्फ मारू नका

२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईच्या ताडदेव परिवहन कार्यालयात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली. मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे नाहीशी झाली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांचे रकाने आठवणींनी भरून गेले, वाहिन्यांवर निरोपाचे कार्यक्रम झाले.

हा धागा त्या टॅक्सीविषयी नाही. त्यानंतर पाचच दिवसांनी सोलापुरात, रेल्वे लाइन्स भागातल्या एका बंगल्यामागील पत्र्याच्या शेडमध्ये, १९ वर्षे जागची न हललेल्या एका पद्मिनीचे बॉनेट उघडले गेले. धागा त्या इंजिनाविषयी आहे. थोडा लांब आहे. त्यात यंत्र आहे, कायदा आहे आणि एका घरातला जुना वादही आहे.

गाडी एका वकिलांची. १९७८ साली पैसे भरून नाव नोंदवले, गाडी दारात आली १९८४ मध्ये. सहा वर्षांची ही प्रतीक्षा त्या काळी कोणाला विशेष वाटत नसे. गाडीच्या पाठीवर 'प्रीमियर पद्मिनी' अशी अक्षरे होती, पण घरात, गल्लीत आणि कोर्टाच्या आवारातही तिला 'फियाट'च म्हणत. वकिलांच्या पत्नी महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतरही सारा परिसर त्यांना 'बाई' म्हणूनच ओळखतो. मुलगा एकच.

एप्रिल २००४ मध्ये हा मुलगा, तेव्हा चोवीस वर्षांचा, आईवडिलांना घेऊन तुळजापूरला निघाला. सोलापूर ते तुळजापूर अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि शेवटी बालाघाटाच्या पठारावर चढवणारा घाट. ऐन उन्हात, चढावर इंजिनाचे पाणी उकळले. मुलाने घाईघाईने रेडिएटरचे झाकण उघडून जवळ होते ते गार पाणी ओतले. तापलेल्या इंजिनात गार पाणी घालू नये, हे प्रत्येक मोटारमालकाला ठाऊक असलेले सूत्र. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकाएकी आकसले की तडा जाण्याची भीती असते. वडील रस्त्याच्या कडेला, लोकांदेखत म्हणाले, "इंजिन खलास केलंस." गाडी कशीबशी घरी आली, शेडमध्ये लागली आणि तिथेच राहिली. ऑगस्टमध्ये वडील हृदयविकाराने गेले. मुलगा पुढे पुण्यास नोकरीला लागला. त्या वाक्याची दुरुस्ती करण्याची संधी दोघांपैकी कोणालाही मिळाली नाही.

२०२३ मध्ये बंगल्याचा व्यवहार ठरला. जानेवारीअखेर जागा रिकामी करायची होती. भंगारवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारून वजनाचा भाव सांगितला. तो व्यवहारही झालाच असता. पण बाईंनी टीव्हीवर मुंबईच्या टॅक्सीची बातमी पाहिली आणि मुलाला फोन केला. "एकदा बघू तरी, चालते का. मग ने म्हणावं त्याला."

मुलगा शुक्रवारी रात्री पुण्याहून आला तो नवी बॅटरी घेऊनच. शनिवारी सकाळी त्याने तारा जोडल्या. तो चावीला हात घालणार तोच बाईंनी बोलावलेले मिस्त्री शेडच्या दारात पोहोचले आणि तिथूनच ओरडले, "सेल्फ मारू नका!"

हे मिस्त्री बाईंचेच माजी विद्यार्थी, साठीचे. तरुणपणी मुंबईला, भायखळ्याच्या एका गॅरेजमध्ये त्यांनी टॅक्सींच्या इंजिनांवर हात बसवला होता. त्यांच्या ओरडण्यामागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या इंजिनांपैकी कितीतरी इंजिने बंद राहिल्यामुळे मरत नाहीत. ती सुरू करण्याच्या पहिल्या प्रयत्नात मरतात.

इंजिन थांबते तेव्हा ते कुठल्यातरी एका क्षणी थांबते. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर वेगळ्या कामात असतो: एक हवा आत ओढत असतो, दुसरा ती दाबत असतो, तिसऱ्यात जळालेल्या वायूने पिस्टन ढकलला जात असतो, चौथा धूर बाहेर टाकत असतो. दाबणाऱ्या आणि ढकलल्या जाणाऱ्या सिलिंडरांचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. हवा ओढणाऱ्याचा एक व्हॉल्व्ह कार्ब्युरेटरच्या वाटेने बाहेरच्या जगाला उघडा राहतो, धूर टाकणाऱ्याचा सायलेन्सरच्या वाटेने. म्हणजे चारांपैकी दोन खोल्यांची दारे मिटलेली आणि दोन खोल्यांची किलकिली. २० पावसाळ्यांची दमट हवा त्या दोन खोल्यांत जात राहते. पिस्टनच्या रिंगा जिथे सिलिंडरच्या भिंतीला टेकलेल्या असतात तिथे गंजाची बारीक रेघ उमटते, आणि रिंग त्या रेघेत चिकटते. अशा वेळी नव्या बॅटरीच्या जोराने सेल्फ मारला तर रिंग तुटते, तुटलेली रिंग भिंत खरवडते. अडकलेला व्हॉल्व्ह वर येत नाही, त्याला ढकलणारा रॉड वाकतो. चिकटलेल्या जागी थेंब-थेंब तेल झिरपले असते तर जे सुटले असते, ते एका सेकंदात मोडते.

मिस्त्रींनी बॅटरीच्या तारा काढून ठेवल्या आणि चारही प्लग खोलले. प्लग ही अशा इंजिनाची पहिली साक्ष. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे प्लग कोरडे, तपकिरी, जवळजवळ निरोगी. चौथ्याच्या टोकावर तांबूस भुकटी. दुसऱ्याचा प्लग निघताना करकरला आणि त्याच्यासोबत गंजाचे पापुद्रे आले. या इंजिनाचा जळण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे. पहिला सिलिंडर ढकलण्याच्या अवस्थेत असेल तर तिसरा दाबत असतो, चौथा हवा ओढत असतो आणि दुसरा धूर टाकत असतो. १८ एप्रिल २००४ च्या संध्याकाळी चावी फिरवली तेव्हा इंजिन नेमके कुठे थांबले, हे त्या चार प्लगांवरून वाचता येत होते.

प्रत्येक भोकातून अर्धे डिझेल, अर्धे इंजिन ऑइल असे मिश्रण ओतले गेले. "आता काय?" मुलाने विचारले. "आता आठ दिवस काही नाही," मिस्त्री म्हणाले. "रोज थोडं-थोडं घाला. हात लावू नका."

या आठ दिवसांत इंजिनाच्या जन्माकडे वळायला हरकत नाही.

पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ही मापे ज्यांनी प्रथम कागदावर उतरवली ते लोक इटलीतील तुरिन शहरात काम करत होते आणि साल होते १९३७. फियाटची 'बालिला ५०८ सी' ही गाडी त्या वर्षी आली. तिच्या रचनेची धुरा दान्ते जाकोझा या तरुण अभियंत्याकडे होती. 'टोपोलिनो' आणि पुढे १९५७ ची फियाट ५०० ज्यांच्या नावावर आहेत, तेच हे जाकोझा. १९५३ मध्ये फियाटने '११००' ही नव्या बांध्याची गाडी काढली तेव्हा तिच्यातही याच मापांचे, सुधारलेले इंजिन होते. आणि ही ११०० पुढच्याच वर्षी मुंबईच्या कुर्ल्यात जोडली जाऊ लागली.

कुर्ल्याचा कारखाना प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा. कंपनी १९४४ साली स्थापन झाली, संस्थापक वालचंद हिराचंद. त्यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात बनाव्यात हा त्यांचा ध्यास होता. सिंदिया जहाज कंपनी, बंगळूरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची जहाजबांधणी ही त्याची रूपे. मोटारींसाठी त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला, आणि कुर्ल्यातून पहिल्या गाड्या १९४७ मध्ये बाहेर पडल्या. फियाटचे पर्व सुरू होत असताना, १९५३ मध्ये, ते निवर्तले. आपल्या गावातल्या वकिलांच्या शेडमध्ये आपल्या कंपनीची गाडी पन्नास वर्षांनी गंजत उभी राहील, हे त्यांना कोणी सांगितले असते तर? बहुधा त्यांनी आधी शेडच्या पत्र्याचा भाव विचारला असता.

एक परदेशी इंजिन एवढा काळ टिकले कसे, याचे उत्तर १९५३ च्या सरकारी धोरणात आहे. नुसते सुटे भाग आयात करून गाड्या जोडणाऱ्या कंपन्यांनी इथे प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम आखावा, नाहीतर बाजार सोडावा, असे ते धोरण होते. १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. जे राहिले त्यांनी हळूहळू प्रत्येक भाग इथे ओतायला, कातायला शिकून घेतले. परवाने, आयातीवरचे निर्बंध आणि ग्राहकांच्या लांबच लांब याद्या या त्रिकुटात नवे इंजिन आणण्याची घाई कोणालाच नव्हती. १९६४ ची '११०० डिलाइट', मग 'प्रीमियर प्रेसिडेंट', मग १९७४ ची 'पद्मिनी', अशी नावे बदलत गेली आणि मापे तीच राहिली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तरीही विसावे शतक संपत येईपर्यंत कुर्ल्यात ही गाडी बनत होती.

या दीर्घायुष्याची थट्टा करण्याची पद्धत आहे आणि ती अगदीच अन्यायाची नाही. ग्राहकाने सहा वर्षे थांबून चार दशकांपूर्वीची रचना विकत घ्यावी, यात अभिमान बाळगण्यासारखे फारसे काही नाही. मात्र त्याची दुसरी बाजू गॅरेजात दिसते. एकच इंजिन दोन-तीन पिढ्यांच्या हातांखालून गेल्यामुळे त्याचे ज्ञान पुस्तकांतून बाहेर पडून गल्लीबोळांत पसरले. भायखळ्यात शिकलेला माणूस सोलापुरात ते डोळे मिटून खोलू शकतो. आजच्या एखाद्या गाडीचे इंजिन २०४४ मध्ये १९ वर्षांच्या झोपेतून कोण उठवील, त्याच्या संगणकाची भाषा तेव्हा कोणाला येत असेल, हा प्रश्न मिस्त्रींनी विचारला नाही. पण तो त्या शेडमध्ये होताच.

आता कायदा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यापुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. १९८४ ची ही गाडी १९९९ मध्ये एकदा नूतनीकरण होऊन २००४ पर्यंत वैध होती. नंतर कोणी कागद पाहिलेच नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या खाजगी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते. त्यावर विलंबशुल्क, त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळी, सन्मानाची नोंदणी आणली खरी, पण तिला वयाची अट पन्नास वर्षांची. एकोणचाळीस वर्षांची गाडी या हिशेबात कुठेच बसत नाही. रस्त्यावर राहायला ती म्हातारी, सन्मानाला ती कोवळी. महत्त्वाचा मुद्दा असा की नोंदपुस्तकावर इंजिनाचा क्रमांक असतो, आणि तो ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉकला तडा गेला असेल तर दुसरे इंजिन बसवावे लागणार, क्रमांक बदलणार, आणि १९ वर्षे मुदत उलटलेल्या कागदांवर ती खटपट करायला जानेवारीअखेरपर्यंतचा वेळ पुरणार नव्हता. घाटातल्या त्या गार पाण्याने तडा गेला होता की नाही, या प्रश्नावर आता गाडीचे भवितव्यही टांगलेले होते. मुलाच्या मनात तो १९ वर्षे होताच.

नवव्या दिवशी, रविवारी, पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून मिस्त्रींनी हलकेच जोर दिला. काही नाही. त्यांनी उलट्या दिशेने दिला. पुन्हा सुलट. पाना बोटभर हलला. "सुटलं," ते म्हणाले, पण हसले नाहीत. आणखी थोडे फिरल्यावर इंजिन अडले. हा अडथळा वेगळा होता, कडक. टॅपेट कव्हर काढल्यावर कारण दिसले: दुसऱ्या सिलिंडरचा धुराचा व्हॉल्व्ह उघड्या स्थितीतच त्याच्या गाइडमध्ये चिकटला होता. याचा अर्थ हेड उतरवणे आले.

हेड उतरवण्याआधी मिस्त्रींनी एक साधा प्रश्न विचारला. "बाई, शेवटचं ऑइल कधी बदललं होतं, काही लक्षात आहे?"

वकिलांना हिशेबाची शिस्त होती. गाडीची एक वेगळी वही होती, १९८४ पासूनची. बाईंनी ती कपाटातून आणली. पेट्रोलचे लिटर, किलोमीटर, पंक्चर, रुपये, पैसे. घरातल्या कोणी ती कधी वाचली नव्हती, कारण तिच्यात वाचण्यासारखे काही असेल असे कोणाला वाटले नव्हते. मिस्त्रींना हवी होती ती नोंद मिळाली: फेब्रुवारी २००४, ऑइल बदलले. म्हणजे चेंबरमधले तेल उभे राहताना फारसे जुने नव्हते. बेअरिंगांसाठी ही चांगली बातमी. वही मिटता मिटता मुलाने पुढच्या दोन नोंदी पाहिल्या.

"१४ मार्च. फॅनबेल्ट सैल वाटतो. पुढच्या सर्व्हिसिंगला बघणे."

"१८ एप्रिल. तुळजापूर घाट. पाणी उकळले. बेल्ट."

ज्यांना या इंजिनाची रचना परिचित नाही त्यांच्यासाठी: फॅनबेल्ट हा रबरी पट्टा नुसता पंखा फिरवत नाही. पाण्याचा पंपही त्याच्यावरच चालतो. पट्टा सैल असला तर सपाट रस्त्यावर बहुधा निभावते, कारण समोरून वारा मिळतो. चढावर मात्र गाडीचा वेग कमी आणि इंजिनाची मेहनत जास्त. पंप घसरत फिरतो, पाणी खेळत नाही आणि उकळते. चालवणारा कोणीही असो.

मुलगा काही बोलला नाही. तो उठून गाडीपाशी गेला आणि त्याने अंगठ्याने पट्टा दाबला. साधारण अर्धा इंच दबावा असा तो पट्टा दीड इंच आत गेला. १९ वर्षांत कोणी त्याला हात लावलेला नव्हता. पुलीवर घासून त्याची कड आरशासारखी चकाकत होती. कागद एक सांगतो आणि वस्तू त्याला दुजोरा देते, असे योग इतिहासात फार येत नाहीत.

तरीही सावधपणे वाचायला हवे. 'बेल्ट.' हा एक शब्द म्हणजे कबुलीजबाब होता, असे म्हणणे घाईचे होईल. ते निव्वळ निदान असू शकते, वकिली शिस्तीने केलेली कारणाची नोंद. ती नोंद त्याच रात्रीची की दुसऱ्या दिवशीची, हेही कळत नाही. निश्चित सांगता येते ते इतकेच की वडिलांना कारण माहीत होते, महिन्यापूर्वीपासून माहीत होते, आणि ऑगस्टपर्यंतच्या चार महिन्यांत ते वहीबाहेर आले नाही. मुलाच्या गार पाण्याचा वहीत उल्लेखही नाही.

बाईंनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या. "मला सांगितलं असतं तर मी तुला तेव्हाच सांगितलं असतं रे," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

हेड उतरले. तडा शोधण्याची जुनी पद्धत अशी: संशयित पृष्ठभाग घासून स्वच्छ करायचा, त्यावर रॉकेल लावायचे, थोड्या वेळाने कापडाने कोरडा पुसायचा आणि खडू फासायचा. केसाएवढी चीर असली तरी तिच्यात मुरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. खडूची सोय बाईंकडे होती. निवृत्तीला बरीच वर्षे झाली तरी घरात पांढऱ्या खडूंचे अर्धे खोके शिल्लक होते. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग आणि पाण्याच्या वाटेची बाहेरची भिंत, सगळे पांढरे झाले. तिघेही बघत थांबले. चहा निवाला. खडू कोरडाच राहिला.

ब्लॉक शाबूत होता. हेडची तपासणी अक्कलकोट रोडवरच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये झाली. पाण्याच्या दाबाखाली तेही टिकले. मात्र स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहता दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये ते किंचित वाकलेले निघाले. घाटातली उष्णता खरीच होती, तिची खूण उरली होती. हेडची बाजू मशीनवर घासून सपाट करून घेतली, चिकटलेला व्हॉल्व्ह सोडवून सगळ्या व्हॉल्व्हना पेस्ट लावून सीटवर घासून बसवले, नवे गास्केट आले. दुसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवरची गंजाची रेघ तेल आणि बारीक पॉलिश पेपरने बरीच गेली, पूर्ण गेली नाही. मिस्त्रींच्या मते पूर्ण घालवायची तर बोअर करावा लागेल, आणि त्याची गरज नाही. थोडे ऑइल खाईल, एवढेच.

उरलेल्या कामांची जंत्री लांबवण्यात अर्थ नाही. सी. बी. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, एअर क्लीनरमधून उंदरांनी नेलेला कापूस आणि लग्नपत्रिकांचे तुकडे निघाले, रेडिएटरमधून सोलापूरच्या जड पाण्याचा क्षार वाट्यांनी निघाला. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती, तिने एक अख्खा दिवस खाल्ला. ब्रेक नवेच करावे लागले.

पेट्रोलविषयी मात्र थांबायला हवे, कारण या गाडीच्या आयुष्यात तीन वेगवेगळी पेट्रोले आली. १९८४ मध्ये तिच्या टाकीत पडले ते शिसेयुक्त. त्या शिशाने हवा विषारी केली, पण व्हॉल्व्हच्या सीटांना एक संरक्षक थरही दिला. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. गाडी झोपली ती या दुसऱ्या पेट्रोलवर. त्याचा टाकीत उरलेला अंश वॉर्निशसारखा चिकट आणि आंबट वासाचा झाला होता. ती जागी होत होती तिसऱ्या पेट्रोलच्या काळात. २०२२ च्या मध्यापर्यंत देशात दहा टक्के इथेनॉलचे मिश्रण रूढ झाले, आणि २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाची विक्री टप्प्याटप्प्याने सुरू झाली. इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही, आणि ते हवेतले पाणीही ओढून घेते. पेट्रोल पंपाचा जुना डायफ्राम फाटला तर पेट्रोल चेंबरमधल्या ऑइलात उतरते आणि बेअरिंगे जातात. म्हणून डायफ्राम आणि सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या. हे इथेनॉल येते कुठून? काही अंशी उसापासून. आणि सोलापूर म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा. वकिलांच्या गाडीला चाळीस वर्षांनी घरचेच इंधन मिळाले, आणि तेच तिच्या जुन्या नळ्यांना झेपेना.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी प्लग न लावता सेल्फ मारला गेला. इंजिन मोकळे फिरले. ते जळण्यासाठी नव्हते, तेल वर चढवण्यासाठी होते. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत मिस्त्रींनी मुलाला थांबून थांबून चावी फिरवायला लावली. मग प्लग बसले. टाकीवर अजून विश्वास नव्हता, म्हणून पेट्रोलची बाटली सलाइनसारखी बॉनेटच्या कडेला बांधली. पहिल्या प्रयत्नाला एक फट् झाले. दुसऱ्याला काहीच नाही. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर हाताने किंचित फिरवला. तिसऱ्या वेळी इंजिन लागले, आधी तीन सिलिंडरांवर, लंगडत, आणि अर्ध्या मिनिटाने चारही. पाइपातून मुरलेल्या डिझेलचा एवढा पांढरा धूर निघाला की शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी आगीची चौकशी केली. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "पाणी गरम होतंय का बघा आधी."

होत नव्हते. नवा पट्टा आवळून बसवलेला होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून परिवहन कार्यालयात नेली गेली. निरीक्षकांनी चासीच्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली, इंजिनाचा क्रमांक नोंदपुस्तकाशी ताडून पाहिला, दिवे, ब्रेक आणि हॉर्न तपासले. फेऱ्या, शुल्क आणि दंड धरून फेब्रुवारीत कागद हातात आला. तोवर बंगला रिकामा झाला होता आणि गाडी मिस्त्रींच्या गॅरेजात मुक्कामाला होती.

पहिली फेरी सिद्धेश्वर तलावापर्यंत. मुलगा चालवत होता, बाई शेजारी बसल्या होत्या, मिस्त्री मागे, कान पुढे करून. परत आल्यावर मुलाने इंजिन बंद केले, बॉनेट उघडले आणि अंगठ्याने पट्टा दाबला.

"नवा पट्टा ताणतो थोडा," मिस्त्री म्हणाले. "दोनशे किलोमीटर झाले की परत आवळायला आणा. वहीत लिहून ठेवा."

"लिहितो," मुलगा म्हणाला. "आणि आईलाही सांगून ठेवतो."